हाऊसफुल्ल नाटक जास्त का रंगतं? कलाकार आणि प्रेक्षक यांच्यात नेमकं काय चालतं

शनिवारी नाशिकच्या कालिदास कलामंदिरात नाटक हाऊसफुल्ल होतं, हसून हसून लोकांची पोटं दुखली, आणि तेच नाटक तीच माणसं तेच संवाद घेऊन पुढच्या गावात गेली तर सपाट पडलं, असं आपण कितीदा ऐकतो. मग कुणी म्हणतं त्या दिवशी नटांचा मूड नव्हता, कुणी म्हणतं नाशिकचं पब्लिकच रसिक. दोन्हींत थोडं थोडं तथ्य असेलही, पण त्यातून कळत काहीच नाही. स्टेज आणि खुर्च्या यांच्यामध्ये जे काही घडतं त्यातलं बरंचसं अगदी साध्या गोष्टींनी समजावता येतं, आवाज, उजेड, वेळ साधणं, शेजारी कोण बसलंय, आणि मग थोडं नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींकडे जावं लागतं. ते या लेखात करूया.

आधी एक साधी गोष्ट. सिनेमातला हिरो तुम्ही हसलात काय, झोपलात काय, त्याला पत्ता नसतो. नाटकातला नट मात्र तुमचं ऐकत असतो. ऐकत म्हणतोय, बघत नाही, कारण समोरचे लाइट्स डोळ्यांत असतात आणि त्याला पहिल्या दोनचार रांगांपलीकडे बहुतेक काळोखच दिसतो. पण कान उघडे असतात. खोकला, खुर्चीची करकर, प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे यातलं काहीच ऐकू न येणं. हॉलमध्ये खोकले वाढले की अनुभवी नटाला कळतं की प्रवेश सैल पडलाय. लोकांना एकदम सर्दी झालेली नसते, लक्ष सुटलं की घशातली खवखव जाणवायला लागते एवढंच. मग तो बोलण्याचा वेग बदलतो, एखादा पॉज कमी करतो, आवाज खाली आणतो (वर नेत नाही बरं का, नवशिके वर नेतात). समोरचा सहकलाकारही हे ओळखतो आणि दोघं मिळून दोन मिनिटांत प्रवेश सावरतात, आणि आपल्याला खुर्चीत बसून यातलं काहीही कळलेलं नसतं.

आवाजाचं अजून एक आहे, जे चक्क भौतिकशास्त्र आहे. माणसाचं शरीर आणि अंगावरचे कपडे आवाज शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये भिंती, फरशी, खुर्च्यांचे कडक भाग आवाज परत फेकतात आणि शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. हॉल भरला की हे घुमणं कमी होतं आणि शब्द सुटे सुटे ऐकू येतात. म्हणून रंगीत तालमीला रिकाम्या नाट्यगृहात बसवलेला आवाज भरलेल्या नाट्यगृहात तसाच चालत नाही, थोडा जोर लावावा लागतो. मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर आलेली मंडळी दुपारी बसमधून उतरतात, सेट लागतो, लाइट्स लागतात, आणि एखादा जुना नट स्टेजच्या मध्यावर उभा राहून उगाच दोन वाक्यं बोलून बघतो, टाळी वाजवून बघतो. ते उगाच नसतं. हॉल किती घुमतोय आणि संध्याकाळी माणसं बसल्यावर किती घुमेल याचा तो अंदाज घेत असतो. कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह आणि सार्वजनिक वाचनालयाचं, म्हणजे आपल्या सावानाचं, परशुराम साईखेडकर नाट्यगृह, ही दोन्ही एकाच गावात आहेत पण नटाच्या दृष्टीने दोन वेगळी गावं आहेत. साईखेडकरमध्ये भुवई उडवली तरी पोचते, तीच भुवई कालिदासच्या शेवटच्या रांगेसाठी मानेपर्यंत न्यावी लागते.

आता हसण्याकडे येतो, कारण सगळी देवाणघेवाण तिथे अगदी उघडी दिसते. समजा स्टेजवर नवराबायकोचं भांडण चाललंय. नवरा तावातावाने म्हणतो, "या घरात मी आहे तरी कोण?" बायको मेथी निवडत बसलीय, मान वर न करता म्हणते, "लाइट बिलावर नाव आहे तुमचं." हशा. आता पुढची चारपाच सेकंद नीट बघा. हशा आधी चढतो, टोकाला जातो, मग उतरायला लागतो. नवऱ्याने पुढचं वाक्य कधी घ्यायचं? टोकावर घेतलं तर वाक्य हशात बुडतं. ते एक वाक्य गेलं एवढ्यावर भागत नाही, प्रेक्षक नकळत शिकतात की इथे हसलं तर पुढचं हुकतं, आणि पुढच्या विनोदाला ते हसू आवरतात. तेच फार थांबला, हशा पार विझू दिला, तर मध्ये भोक पडतं आणि ते भोक भरायला दुप्पट ताकद लागते. त्यामुळे हशा उतरणीला लागला पण अजून पुरता थांबला नाही अशा क्षणी वाक्य घ्यायचं असतं. आणि तोवर नुसतं पुतळ्यासारखं उभं राहूनही चालत नाही, नाहीतर नट आता आपल्या हसण्याची वाट बघतोय हे लोकांना दिसतं. म्हणून बायको तेवढ्यात मेथीची दुसरी जुडी सोडते. जुडीचा दोरा सोडायला लागणारा वेळ रोज वेगळा, कारण हशा रोज वेगळा. शंभराव्या प्रयोगालाही हे बसवून टाकता येत नाही, त्या त्या दिवशी समोरच्यांबरोबरच ठरवावं लागतं. प्रेक्षकांमुळे नाटक बदलतं म्हणतात ते हे असं, सेकंदांच्या हिशोबात.

यातला एक सोपा शॉर्टकट म्हणजे गावाचं नाव घालणं. नाशिकच्या प्रयोगात द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकवर किंवा मिसळीवर एखादं वाक्य टाकलं की टाळी पक्की. मला स्वतःला ही टाळी जरा स्वस्तातली वाटते, पण चालते हे मान्य करायला हवं, कारण त्या वाक्याने लोकांना कळतं की समोरचा माणूस इथे, आज, आपल्यासमोर आहे.

मग पुढचा प्रश्न. भरलेल्या हॉलमध्ये तुम्ही जास्त का हसता? विनोद तोच आहे की. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हसण्यावर बरीच वर्षं काम केलं आणि त्याच्या निरीक्षणात माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत साधारण ३० पट जास्त हसतो. म्हणजे हसणं हे विनोदाला दिलेलं उत्तर कमी आणि शेजारच्याशी बोलणं जास्त. टाळ्यांचंही तेच. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांसमोर भाषणं ठेवून टाळ्या मोजल्या. टाळी एखाद्या साथीसारखी पसरते असं त्यात दिसलं, आणि ती किती वेळ टिकेल हे भाषण किती चांगलं यावर फारसं ठरत नव्हतं, आजूबाजूचे किती लोक वाजवतायत यावर ठरत होतं. त्याआधी २००० साली हंगेरी-रुमानियातल्या नाट्यगृहांमधल्या टाळ्या रेकॉर्ड करून 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला होता. सुरुवातीला सगळे आपापल्या वेगाने वाजवतात, मग अचानक सगळा हॉल एका ठेक्यात येतो, आणि तसं होताना प्रत्येक जण आपला वेग साधारण निम्मा करतो. कुणी सांगत नाही, खूण करत नाही. हळू वाजवलं की एकमेकांशी जुळवून घेणं सोपं जातं म्हणून शरीर ते आपोआप करतं.

हे कळलं की कोविडनंतरचे प्रयोग आठवून बघा. २०२० च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात नाट्यगृहं ५० टक्के क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली, एक खुर्ची सोडून एक बसायचं. हिशोबाने अर्धी माणसं म्हणजे हशाही अर्धा यायला हवा, पण तसं होत नाही, हशा अर्ध्याहून खाली जातो, कारण शेजारी माणूसच नाही तर हसण्याची लागण होणार कुठून. वर तोंडाला मास्क, म्हणजे आलेला हशाही निम्मा दबलेला. म्हणूनच हॉल निम्मा रिकामा असेल तर जाणते व्यवस्थापक लोकांना पुढे सरकून एकत्र बसायची विनंती करतात. तिकिटाच्या क्लासवरून कुरकुर होते कधीकधी, पण त्यामागे हे कारण असतं, विखुरलेली दोनशे माणसं आणि एकत्र बसलेली दोनशे माणसं हे दोन वेगळे प्रेक्षकवर्ग असतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. सोशल मीडियावर 'मिरर न्यूरॉन्समुळे आपण नटाची भावना अनुभवतो' असं खूप फिरतं. इटलीतल्या पार्मामध्ये १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूत अशा, म्हणजे दुसऱ्याची कृती नुसती बघतानाही जाग्या होणाऱ्या, पेशी सापडल्या हे खरं, पण तिथून थेट 'म्हणून नाटकात रडू येतं' इथे उडी मारणं जरा जास्तच होतं. त्यापेक्षा आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी या प्रश्नावर जो विचार केलाय तो जास्त कामाचा आहे असं माझं मत.

प्रश्न असा की रडू येतं हे ठीक, पण पैसे देऊन रडायला का जातो आपण? आणि ती भावना असते कुणाची? भरताच्या नाट्यशास्त्रात एक छोटंसं सूत्र आहे, विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रस निर्माण होतो. सोप्या भाषेत, भावना जागी करणारी परिस्थिती आणि माणसं म्हणजे विभाव, ती भावना बाहेर दिसते ती लक्षणं म्हणजे अनुभाव (थरथरता हात, घसा दाटणं), आणि मुख्य भावनेबरोबर येऊन जाऊन असणाऱ्या छोट्या भावना म्हणजे व्यभिचारी, जशी दुःखात मध्येच येणारी चिडचिड किंवा लाज. हे तिन्ही जुळले की रस. पण रस तयार होतो तो कुठे, हे सूत्रात सांगितलेलं नाही, आणि त्यावर पुढे पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला.

भट्टलोल्लट म्हणाला, रस मुळात रामाचा, म्हणजे मूळ पात्राचा, आणि नट राम झाला म्हणून तो त्याच्यात दिसतो. शंकुक म्हणाला, छे, राम काही समोर नाही, आपण नटाच्या लक्षणांवरून अनुमान करतो. त्याने दिलेलं उदाहरण फार भारी आहे, चित्रातला घोडा. चित्रातला घोडा बघताना 'हा खरा घोडा आहे' असं आपल्याला वाटत नाही, 'हा खोटा आहे' असंही वाटत नाही, 'घोडा असेल का नसेल' अशी शंका येत नाही आणि 'घोड्यासारखं काहीतरी आहे' असंही आपण म्हणत नाही. आपण नुसतं म्हणतो, घोडा. नटाकडे बघताना असंच होतं. मग भट्टनायक आला आणि त्याने साधारणीकरण मांडलं. स्टेजवरचं दुःख माझं नसतं, शत्रूचं नसतं, शेजाऱ्याचंही नसतं, ते कुणा एकाचं राहतच नाही. माझं असतं तर मी कोसळलो असतो, शेजाऱ्याचं असतं तर उठून मदतीला धावलो असतो किंवा कुलूप लावून घरात बसलो असतो, यातलं काहीच करायचं नाही म्हणून ते दुःख चाखता येतं. आणि साधारण दहाव्या-अकराव्या शतकातला काश्मीरचा अभिनवगुप्त म्हणाला की रस प्रेक्षकात असतो. त्याच्या मनात आधीपासून साठलेले संस्कार असतात, नट ते जागे करतो. असा जागा होऊ शकणारा प्रेक्षक तो सहृदय.

बघा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच रसाचा मुक्काम स्टेजवरून उठून खुर्चीत आला होता. आणि यातून एक अडचणीचा निष्कर्षही निघतो, ज्याच्या मनात साठाच नाही त्याला नट काय जागं करणार. पंचविशीत बघितलेलं बापलेकीचं नाटक आणि स्वतःची मुलगी सासरी गेल्यावर बघितलेलं तेच नाटक यात नटाचा काडीचा फरक नसतो.

आता उजेडाबद्दल, कारण आपण अंधारात गुपचूप बसून नाटक बघतो ही काही सनातन पद्धत नाही. युरोपात प्रेक्षागृहातले दिवे मालवून सगळं लक्ष स्टेजवर आणायची पद्धत रुजली ती मुख्यतः १८७६ मध्ये जर्मन संगीतकार वागनरने बायरॉइटला उघडलेल्या नाट्यगृहापासून. आपल्याकडे १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा समोरच्या माणसाला अंधारात ढकलायची सोयच नव्हती. पुढे संगीत नाटकांच्या काळात तर प्रेक्षक अक्षरशः नाटकाची लांबी ठरवायचे, पद आवडलं की वन्समोअर, पुन्हा आवडलं की पुन्हा वन्समोअर, आणि प्रयोग पहाटेपर्यंत. कथानक ताटकळत उभं असायचं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. तमाशात तर नट आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत मुळात बांधलेलीच नाही. गवळणीत मावशी, जी बहुतेकदा पुरुषच असतो, पुढे बसलेल्या फेटेवाल्याला नाव ठेवते, सोंगाड्या वगाच्या मधूनच बाहेर येऊन सरपंचावर बोलतो आणि परत आत जातो. जर्मनीत नाटककार ब्रेख्तने प्रेक्षक कथेत वाहून जाऊ नये, त्याने विचार करावा म्हणून मध्येच गाणी घातली, दिव्यांची साधनं उघडी ठेवली, त्याचं पुस्तकी कौतुक आपण खूप करतो, पण सोंगाड्या बघून मोठ्या झालेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. ब्राझीलचा रंगकर्मी ऑगस्तो बोआल याने १९७० च्या दशकात अजून एक पाऊल टाकलं, त्याच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक 'थांबा' म्हणून स्टेजवर येतो आणि ती भूमिका स्वतः करून वेगळा शेवट करून बघतो. आपल्याकडे पथनाट्यवाले याचे छोटे अवतार करत असतात.

आणि नाशिकच्या माणसाला तर हे बघायला लांब जायची गरज नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूला आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो, रात्रभर संबळाच्या तालावर मुखवटे घालून एकेक देवाचं सोंग नाचत येतं. मुखवट्याच्या आत कोण आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं, काल त्याच्याबरोबर शेतावर काम केलेलं असतं, तरी सोंग आलं की हात जोडले जातात. शंकुकाचा घोडा हाच. नाशिक गावात धुलिवंदनाला वीरांची मिरवणूक निघते तेव्हाही देवाच्या वेषातला चार वर्षांचा पोरगा आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे यात प्रेक्षक कोण आणि कलाकार कोण हे सांगता येणार नाही.

चौथी भिंत म्हणजे स्टेजच्या समोरची काल्पनिक भिंत, जिच्यामुळे नट आपल्याला न बघितल्यासारखं करतात. ती पाडायची सगळ्यात हुशार तऱ्हा मला वाटतं नाशिककर शिरवाडकरांचीच, म्हणजे कुसुमाग्रजांचीच. नटसम्राट, १९७०, पहिले गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू. नाटक सुरू होतं ते बेलवलकरांच्या सत्काराने आणि ते समोरच्या रसिकांशी बोलतात. म्हणजे तिकीट काढून बसलेले आपण कुणालाही न विचारता नाटकातलं एक पात्र झालो, त्या सत्काराला जमलेली गर्दी. नंतर म्हाताऱ्याची जी परवड होते ती आपण बाहेरचे म्हणून बघूच शकत नाही, टाळ्या आपणच वाजवल्या होत्या ना. आणि दुसरे नाशिककर वसंत कानेटकर, एचपीटी कॉलेजात प्राध्यापक, त्यांची ताकद वेगळी, वाक्य असं उभं करायचं की नटाला टाळी घ्यायला जागा मिळालीच पाहिजे. या टाळीला काही लोक नाकं मुरडतात. मुरडोत बापडे, पण समोरच्याला श्वास कधी घेऊ द्यायचा हे लिहितानाच ठरवणं सोपं नसतं.

हे सगळं बिघडलेलं बघायचं असेल तर हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला साईखेडकरला जाऊन बसा. मी हे वाईट अर्थाने म्हणत नाही, शहरातली सगळ्यात धाडसी नाटकं तिथेच होतात, तिकीटही अगदी नाममात्र. पण समोर कोण असतं? परीक्षक, ज्यांना लिहायचं असतं म्हणून ते मोकळे हसत नाहीत. कलाकारांचे आईवडील आणि मित्र, जे नको तिथेही हसतात. आणि दुसऱ्या संस्थांची मंडळी, हाताची घडी घालून. यातला कुठलाच हशा भरवशाचा नसतो. मग दोनतीन महिने तालीम केलेल्या पोरांना पहिल्याच आणि बऱ्याचदा एकमेव प्रयोगात कळत नाही की आपलं पोचतंय का नाही, आणि ती आवाज चढवत जातात. व्यावसायिक नाटकाला पंचविसाव्या प्रयोगापर्यंत जे कळतं ते यांना कळायची संधीच मिळत नाही. अनोळखी पन्नास माणसं जरी तिकीट काढून येऊन बसली तरी त्या नाटकाची तब्येत बदलते.

राहिला मोबाईल. २०१९ मध्ये कालिदासलाच फोनच्या आवाजाने वैतागून कलाकाराने प्रयोग मध्येच थांबवला होता, राज्यभर बातमी झाली, जॅमर बसवा वगैरे चर्चाही झाली. पण रिंग हा त्यातला कमी त्रासाचा भाग आहे. सायलेंटवर ठेवून व्हॉट्सअॅप बघणारे आपण काहीच आवाज करत नाही म्हणून निश्चिंत असतात. अंधाराला सरावायला डोळ्याला वीसतीस मिनिटं लागतात, आणि मागच्या रांगेतल्या चारसहा जणांचे सरावलेले डोळे एक स्क्रीन क्षणात बिघडवतो. आणि वर सांगितलं तसं नटाला समोर काळोख दिसतो, त्या काळोखात हनुवटीखालून निळसर उजळलेला एकच चेहरा त्याला स्पष्ट दिसतो, आणि तो खाली बघत असतो. करुण प्रवेश चाललाय आणि हॉलमधला दिसणारा एकमेव प्रेक्षक तुम्ही आहात, असं समजा.

प्रयोगानंतर आपल्याकडे आत जाऊन भेटायची पद्धत अजून टिकून आहे, ती टिकवा. मेकअप उतरवता उतरवता बोलतात बिचारे, सेट निघत असतो, बसवाला हॉर्न देत असतो. पण 'छान झालं' एवढंच म्हणून सेल्फी घेऊ नका, किंवा घ्या, पण नंतर विचारा की दुसऱ्या अंकात ते दार लागल्यावर आज शांतता जरा जास्त होती का. खरंच वाटलं असेल तर अमुक वाक्य मागे ऐकू आलं नाही हेही सांगा, कुठल्या रांगेत बसला होता ते सांगा. रांग सांगितली की नट लगेच जागा होतो, कारण पुढच्या महिन्यात परत याच हॉलला यायचं असतं.